पृथ्वीचं काय होईन?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भविष्य सांगायची एक अधिकृत म्हणावी अशी सोय आहे. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गोलात अठरा प्रकारची धान्यं, मधोमध खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्याची घागर. शिवाय पापड, कुरडई, पान, सुपारी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज येऊन बघतात. कुठलं धान्य जागचं हललं, ढेकूळ किती भिजलं, पानावरची सुपारी सरकली का... आणि मग पाऊस, पीक, भाव आणि देशाचा राजा गादीवर टिकणार की नाही, सगळं सांगून मोकळे! साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले टीका करतात, आणि चॅनेलवाले तरीही कॅमेरे घेऊन पोचतात.

या मांडणीत एका गोष्टीचं भाकीत मात्र होत नाही. विशीतल्या पोराचं पुढे काय होणार? त्यासाठी जिल्ह्यात वेगळं केंद्र आहे. माझ्या मामाचं कृषी सेवा केंद्र, मुक्काम चिखली.

दुकान म्हणजे काय, तर पुढे काउंटर, मागे खतांच्या गोण्या, बाजूला कीटकनाशकाचा तो डोक्यात जाणारा वास आणि समोरच्या टपरीवरून येणारा कट चहा. गिऱ्हाईक बियाणं घ्यायला येतं आणि क्रिकेटवर बोलून दोन तासांनी जातं. २०२५ च्या दिवाळीला मी घरी गेले होते आणि फ्रीलान्सर असण्याचा एकमेव फायदा (सुट्टी संपत नाही, कारण ती सुरूच झालेली नसते) उपटत आठवडाभर तिथंच रेंगाळले होते. सोयाबीन पावसात भिजलेलं, हरभऱ्याच्या बियाण्यासाठी गर्दी, मूड एकूण डाउन. आणि २७ ऑक्टोबरला चंदीगडहून बातमी आली. पृथ्वी शॉ, महाराष्ट्राकडून खेळताना, १५६ चेंडूंत २२२! द्विशतक तर १४१ चेंडूंतच.

झालं. हरभरा बाजूला.

"मी म्हनलो नव्हतो? पोट्ट्यात दम हाये!" हा ट्रॅक्टरवाला. वय पंचवीस, पृथ्वीचा भक्त, २०१८ पासून.

"दम हाये त टीम इंडियात काहून नाही मंग?" हे मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात आणि सगळ्या पोरांकडे वार्षिक परीक्षेच्या नजरेनंच बघतात.

"पह्यल्या इनिंगमधी आठ काढले. ते नाही सांगून राह्यला तू."

"आन् चंदीगडच्या बॉलिंगवर त मीबी पन्नास मारीन," हे बँकेतून रिटायर झालेले काका. ज्यांना दुकानाची पायरी चढताना मी स्वतः दोनदा दम घेताना पाहिलंय.

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे. "पोरी, तू पुन्याले राह्यते, पेपरात लिहते. सांग बरं, या पृथ्वीचं काय होईन?"

(आमच्याकडे 'होईल'ला 'होईन' म्हणतात. पुण्यातल्या माझ्या रूममेटला हे ऐकून दर वेळी वाटतं की बोलणारा स्वतःबद्दलच बोलतोय. ती तितकीशी चूक नाही, पण ते नंतर.)

आता गंमत बघा. महाराष्ट्र राज्यात रणजीच्या टीम तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बुलढाणा पडतं विदर्भात. विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली. शेजारच्या अकोल्याचा अथर्व तायडे आयपीएल खेळून आला, अमरावतीचा जितेश शर्मा २०२५ मध्ये बंगळुरूबरोबर आयपीएलचा कप उचलून आला. पण चिखलीच्या दुकानात रोज चर्चा कुणाची, तर विरारच्या पोराची. का? कारण तायडे, जितेश यांनी काय केलं ते लोकांना माहीत आहे. पृथ्वी काय करू शकला असता, ते मात्र प्रत्येकाला वेगवेगळं माहीत आहे. आणि 'असता'वर जेवढं बोलता येतं तेवढं 'आहे'वर कुठे येतं?

ज्यांना क्रिकेट म्हणजे फक्त वर्ल्ड कप फायनलचा चिवडा, त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक.

नोव्हेंबर २०१३. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना. रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेचा १४ वर्षांचा पोरगा ३३० चेंडूंत ५४६ काढतो. ८५ चौकार, ५ षटकार. चार वर्षांचा असताना आई गेलेली, वडिलांनी कपड्यांचा धंदा आवरून पोराचं क्रिकेट हातात घेतलेलं, विरारहून पहाटेची लोकल, पाठीवर त्याच्याएवढी किटबॅग. ही स्टोरी तेव्हा प्रत्येक पेपरनं छापली. जानेवारी २०१७ मध्ये राजकोटला रणजीच्या सेमीफायनलमध्ये पदार्पण आणि शतक. त्याच वर्षी दुलीप ट्रॉफीत पदार्पण आणि शतक. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडमध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन, कोच साक्षात राहुल द्रविड. ४ ऑक्टोबर २०१८ ला पुन्हा राजकोट, वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण, १५४ चेंडूंत १३४. वय १८ वर्षं ३२९ दिवस. कसोटी पदार्पणात शतक करणारा सगळ्यात लहान भारतीय.

बॉस, एवढं सगळं एकोणिसावा वाढदिवस साजरा व्हायच्या आत! तुम्ही-आम्ही त्या वयात काय करत होतो? मी मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होते आणि होस्टेलच्या मेसमध्ये दुसरी पोळी मागायची की नाही याचा विचार करत होते.

मग चाक फिरलं. ऑस्ट्रेलियात सराव सामन्यात घोटा मुरगळला, दौरा गेला. जुलै २०१९ मध्ये डोपिंगचं प्रकरण : खोकल्याच्या औषधात असणारं टर्ब्युटलिन, आठ महिन्यांची बंदी. आणि डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेड. गुलाबी चेंडू, मिचेल स्टार्क, डावाचा दुसराच चेंडू. बॅट आणि पॅडच्या मधून आत, दांडी गुल. दुसऱ्या डावात कमिन्स, तसाच आत, तसाच बोल्ड, ४ धावा. ती कसोटी आपल्याला ३६ ऑल आउटमुळे आठवते. पृथ्वीसाठी ती आजवरची शेवटची. पाच कसोटी, ३३९ धावा.

अॅडलेडचा सगळ्यात क्रूर भाग कोणता माहितीये? रिकी पॉन्टिंग कॉमेंट्री करत होता. दिल्लीच्या टीमचा कोच म्हणून त्यानं पृथ्वीला जवळून बघितलेलं. त्यानं ऑन एअर सांगितलं की याचा वीक पॉइंट आत येणारा चेंडू, बॅट-पॅडमध्ये फट राहते, ऑस्ट्रेलियन तिथंच मारा करतील. आणि काही क्षणांत अगदी तस्सं झालं! भेंडवळच्या महाराजांनाही एवढं इन्स्टंट भाकीत जमलेलं नाही.

दुकानात या विषयावर तीन पार्ट्या आहेत.

पहिली पार्टी : पैसा. अध्यक्ष, बँकवाले काका. "लहान वयात पैसा भेटला, डोस्कं फिरलं. आमच्या टायमाले पगार भेटे तवा पोट्टे नीट राहत." ही थिअरी तुम्ही तुमच्या घरी, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये नक्की ऐकली असेल. मला ती आळशी वाटते, आणि मी काकांना आकड्यांतच सांगितलं. २०१८ च्या आयपीएल लिलावात पृथ्वीला दिल्लीनं १.२ कोटींना घेतलं. त्याच लिलावात, त्याच अंडर-१९ टीमचा व्हाइस कॅप्टन कोलकात्यानं १.८ कोटींना घेतला. नाव, शुभमन गिल. पैशानंच पोरं बिघडत असतील तर गिल दीडपट बिघडायला हवा होता. तो मे २०२५ मध्ये भारताचा कसोटी कॅप्टन झाला आणि इंग्लंडमध्ये एका सीरिजमध्ये ७५४ धावा काढून आला.

काका यावर म्हणाले, "गिलचा बाप कडक असंन." आता बोला!

पृथ्वीचं वागणं मात्र मी झाकून ठेवणार नाही. मुंबईनं त्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये फिटनेसवरून रणजी टीममधून काढलं. दिल्लीनं कधीकाळी साडेसात कोटींना राखून ठेवलेल्या या खेळाडूला त्याच नोव्हेंबरात जेद्दाहच्या लिलावात ७५ लाखांच्या बेस प्राइसला एकही हात वर झाला नाही. चुकीच्या मित्रांत रमलो, सरावाला वेळ दिला नाही, हे त्यानं २०२५ मध्ये स्वतःच मुलाखतीत सांगितलं. पोट सुटलेल्या फोटोवर जे जोक झाले ते मात्र घाण होते. त्यातले अर्धे आपण फॉरवर्ड केलेत.

दुसरी पार्टी : टेक्निक. इथं मास्तर. मास्तर फळ्याशिवाय बोलत नाहीत, म्हणून त्यांनी युरियाच्या गोणीवर खडूनं दाखवलं. पृथ्वीची बॅट वर जाते ती गलीच्या दिशेला, खाली येते तिरपी. ऑफला थोडी जागा मिळाली की त्याच तिरपेपणामुळे चेंडू पॉइंटमधून असा सुटतो की फिल्डर फक्त मान वळवतो. आणि तोच चेंडू उशिरा आत आला की बॅट पोचेपर्यंत पॅडजवळ दार उघडं. म्हणजे त्याचा सगळ्यात भारी शॉट आणि त्याची सगळ्यात मोठी खोट एकाच जागेतून येते. खोट काढायला गेलं तर शॉट जातो. आता काय करणार?

हे ऐकल्यावर ट्रॅक्टरवालाही गप्प बसला होता. मास्तरांचा मुद्दा खरा आहे. पण एक प्रश्न उरतोच. प्रत्येक बॅट्समनमध्ये अशी काहीतरी खोट असते. मग बाकीच्यांची कधी दुरुस्त होते?

माझं उत्तर असं : कुणी बघत नसताना. सतराव्या-अठराव्या वर्षी, कुठल्यातरी आडगावच्या मैदानावर, ओळीनं चार मॅच शून्यावर जाऊन. घरी येऊन न जेवता झोपून. कोचच्या शिव्या खाऊन. ती पडायची वर्षं असतात, आणि त्यांचा स्कोअर कुठंच छापून येत नाही हीच त्यांची मजा. पृथ्वीला ती वर्षं मिळालीच नाहीत. चौदाव्या वर्षापासून त्याच्या प्रत्येक इनिंगवर कॅमेरा. स्थानिक क्रिकेटमध्ये आपली खोट उघडी पाडणारा बॉलर त्याला भेटलाच नाही. तो थेट अॅडलेडला भेटला, सगळ्या जगासमोर.

आणि त्यानंतरही बघा, तो संपला नव्हता हो. अॅडलेडनंतर लगेचच्या विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा, चार शतकं, त्यात एक नाबाद २२७. मुंबईनं कप जिंकला. एप्रिल २०२१ मध्ये आयपीएलच्या एका ओव्हरमध्ये शिवम मावीला सहा चौकार. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध ३८३ चेंडूंत ३७९. रणजीच्या इतिहासातली दुसरी सर्वोच्च खेळी. पहिली? भाऊसाहेब निंबाळकर, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पुणे, डिसेंबर १९४८, नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी असताना समोरची टीमच खेळायला नाही म्हणाली आणि मैदान सोडून गेली! आणि हे निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. ३७९ नंतर पृथ्वीला भारताच्या टी-२० टीममध्ये घेतलं खरं, पण बाकावरच ठेवलं. रणजीत डोंगराएवढ्या धावा करणं आणि पुढे जाणं यांचा संबंध आपल्याकडे तेव्हाही पक्का नव्हता.

तिसरी पार्टी : सिस्टीम. तिचा एकमेव मेंबर, ट्रॅक्टरवाला. मुंबईवाले, बोर्डवाले, सिलेक्टर, सगळ्यांनी मिळून पोराला संपवलं. याच्याशी वाद घालायला मजा येत नाही, कारण त्याच्याकडे पुरावे नसतात आणि भक्ताला ते लागतही नाहीत. पण त्यानं एक नाव घेतलं आणि मला थांबावं लागलं. "कांबळीचं काय झालं मंग?"

विनोद कांबळी. १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोटींत २२४ आणि २२७. १७ कसोटी, सरासरी ५४ च्या वर. शेवटची कसोटी १९९५, वय २३. तेवीस! आपल्याकडे त्या वयात पोरं अजून एमपीएससीचा पहिला अटेम्प्ट देत असतात. पृथ्वीची अजून तरी शेवटची कसोटी झाली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. कांबळीचं नाव आपण पोरांना धाक घालायला वापरतो, बागुलबुवासारखं. पण तो माणूस तेविसाव्या वर्षानंतर परत का आला नाही, त्याला परत आणायला कोण काय करत होतं, हे कुणी विचारत नाही. आणि कल्याणचा प्रणव धनावडे आठवतो का? जानेवारी २०१६, शालेय सामन्यात नाबाद १००९, वडील रिक्षा चालवायचे. मुंबई क्रिकेट असोसिएशननं दरमहा दहा हजारांची स्कॉलरशिप दिली. पुढच्याच वर्षी त्याच्या वडिलांनी ती परत केली, मुलाच्या धावा होत नाहीत म्हणून. त्या बापाबद्दल मला फार वाटतं. आकड्यांच्या ओझ्याखालून त्यांनी पोराला बाहेर काढलं, असं माझं मत. मास्तरांचं मत उलट आहे.

आता उदाहरण आमच्या नागपूरचं, म्हणजे खरं तर नागपूरला पाहुणं आलेलं. करुण नायर. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत नाबाद ३०३, मग काही सामने आणि थेट बाहेर. कर्नाटकच्या टीममध्येही जागा उरली नाही तेव्हा त्यानं जाहीरपणे क्रिकेटकडेच अजून एक संधी मागितली होती. २०२३ मध्ये तो विदर्भाकडे आला. २०२४-२५ च्या विजय हजारेत पाच शतकं, सरासरी ३८९.५ (हो, बरोबर वाचलंत), रणजीत ८६३ धावा, जामठ्याच्या फायनलमध्ये शतक, आणि जून २०२५ मध्ये आठ वर्षांनी परत कसोटी. वय ३३. इंग्लंडमध्ये फार काही झालं नाही, पुन्हा बाहेर. पण तो परत आला होता. टीम बदलून, गाव बदलून, जिथं त्याच्या त्रिशतकाचं ओझं कुणी रोज डोक्यावर ठेवत नव्हतं अशा ठिकाणी जाऊन. पृथ्वीनं जुलै २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राची टीम धरली ती याच धर्तीवर, असं मला वाटतं. पहिल्याच रणजी डावात केरळविरुद्ध शून्य, दुसऱ्या डावात ७५, पुढच्या मॅचला ८ आणि २२२. ग्राफ कसला, आमचा राजूर घाट!

एवढं सगळं झाल्यावर मी दुकानात एक प्रश्न टाकला. "आणि आपल्या प्रथमेशचं काय?"

"कोन प्रथमेश?" ट्रॅक्टरवाला.

कोण म्हणजे? प्रथमेश जवकार, बुलढाणा शहर. चंद्रकांत इलग सरांकडे धनुर्विद्या शिकलेला. मे २०२३, शांघाय, तिरंदाजीचा वर्ल्ड कप. वय १९, सीनियर टीममधलं पहिलंच वर्ष. कंपाउंड प्रकाराच्या फायनलमध्ये समोर जगातला एक नंबर, नेदरलँड्सचा माइक श्लोसर. पन्नास मीटरवरून आठ सेंटीमीटरच्या वर्तुळात बाण मारायचे, पंधरा. प्रथमेश १४९, श्लोसर १४८. म्हणजे बुलढाण्याच्या पोरानं पंधरातले चौदा बाण त्या वर्तुळात घातले, एकच बाहेर, तोही नऊवर. त्याच सप्टेंबरात मेक्सिकोत वर्ल्ड कप फायनलमध्ये रौप्य, शूट-ऑफवर गेलेलं सुवर्ण. आणि ऑक्टोबरात हांगझोला आशियाई स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासोबत सांघिक सुवर्ण, कोरियाला २३५-२३० असं हरवून. तिरंदाजीत कोरियाला हरवणं म्हणजे काय, ते ज्यांना कळतं त्यांनाच कळतं.

मामाला आठवलं. "हां हां, त्याची मिरवनूक निंघाली होती." मास्तरांना आठवलं. पण मग पुढे? पुढे कुणाला काही माहीत नव्हतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजूला भारताच्या पुरुष संघानं कंपाउंड सांघिकचं पहिलंवहिलं जागतिक सुवर्ण जिंकलं : ऋषभ यादव, अमन सैनी आणि प्रथमेश फुगे. हा दुसरा प्रथमेश. हांगझोच्या तिघांतला एकही त्यात नाही. दोन वर्षांत तिन्ही जागा बदलल्या. ओजस तर २०२३ चा वैयक्तिक विश्वविजेता! तिरंदाजीत असंच असतं. निवड चाचणीत बाण मारायचे, गुण मोजायचे, वरचे आत, खालचे बाहेर. मागच्या वर्षी काय केलं, टॅलेंट किती, स्टाइल कशी, कुणी विचारत नाही. बुलढाण्यातलाच मिहीर अपार आणि त्याच्या मागून येणारी पोरं याच गणितात वाढतायत. आणि त्यांच्या खेळाला २०२८ च्या लॉस एंजेलिसपर्यंत ऑलिंपिकचं दारच उघडं नव्हतं. आता उघडलंय, तेही फक्त मिश्र सांघिकपुरतं.

मला त्या दुपारी नक्की ठरवता आलं नाही की यातलं जास्त वाईट काय. पृथ्वीसारखं, आख्ख्या देशानं रोज आपल्या पोटाच्या घेरावर चर्चा करणं? की प्रथमेशसारखं, आशियाई सुवर्ण जिंकूनही तीस किलोमीटरच्या आतल्या दुकानात "कोन?" असं ऐकणं? विशीतल्या कुणाला चॉइस दिला तर तो काय निवडेल?

खरं तर हा प्रश्न तुमच्या-माझ्या ओळखीचाच आहे. हिंजवडीतल्या माझ्या मैत्रिणीच्या अप्रेझलमध्ये दोन वर्षं 'हाय पोटेन्शियल' लिहून आलं. तिसऱ्या वर्षी तेच शब्द आले तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली. बाविसाव्या वर्षी पोटेन्शियल म्हणजे कौतुक. सत्ताविसाव्या वर्षी तोच शब्द म्हणजे उधारी. माझ्या घरी दर दिवाळीला माझ्यावर जी परिषद भरते ("पोरगी हुशार आहे, पन सेटल कधी होईन?") तिचा सूर मामाच्या दुकानातल्यासारखाच असतो. पृथ्वी माझ्याहून थोडासा लहान आहे. त्याला 'संपला' म्हटलं की मला उगाच कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटतं.

आणि दुकानातल्या त्या चर्चेत एक मेंबर असा होता जो आठवडाभर तोंडातून शब्द काढत नव्हता. माझा मामेभाऊ. वय सतरा, बारावी सायन्स, ओपनिंग बॅट्समन. कोपऱ्यात बसून हरभऱ्याच्या पिशव्यांची थप्पी लावत सगळं ऐकत होता. डिसेंबरात त्याची नागपूरला निवड चाचणी होती आणि फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. मामाचं मत दर तासाला बदलत होतं. पृथ्वीची २२२ ची बातमी आली तेव्हा तो खुशीत होता, मास्तरांनी गोणीवर आकृती काढली तेव्हा गंभीर, कांबळीचं नाव निघालं तेव्हा तर उठून गोडाउनमध्येच गेला.

त्या रात्री जेवताना मामानं मला हळूच विचारलं, "बाई, त्याले नवी बॅट पाह्यजे. घेऊ का?"

हिशोब सांगते. बऱ्यापैकी इंग्लिश विलोची बॅट वीस-पंचवीस हजार. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे हमीभावानं धरलं तरी एक बॅट बरोबर चार-पाच क्विंटल सोयाबीन. आणि भिजलेल्या मालाला हमीभाव कोण देतो? वर नागपूरला जाणं-येणं, राहणं, पॅड, ग्लोव्ह्ज. मी मामाला काय सांगणार होते? पृथ्वीचं उदाहरण देऊन हो म्हणू की नाही म्हणू? दोन्हीसाठी तेच उदाहरण चालतं, हीच तर पंचाईत.

मी म्हटलं, "मामा, त्याला विचारा ना, कुठला चेंडू खेळता येत नाही ते."

मामा म्हणाला, "त्यानं काय होईन?"

तरी विचारलं. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "आत येनारा." मास्तरांची आकृती त्यानं आठवडाभर स्वतःवर घेतली होती! मग दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला ट्रॅक्टरवाला, हो तोच भक्त, त्याला अर्ध्या पिचवरून टेप लावलेला टेनिस बॉल आत टाकायला लागला. टेपनं एक बाजू जड केली की चेंडू भन्नाट वळतो, गल्लीतल्या कुणालाही विचारा. बॅट जुनीच. मामानं त्यावर नवी ग्रिप तेवढी चढवून दिली.

१६ डिसेंबर २०२५ ला अबूधाबीच्या लिलावात पृथ्वीचं नाव पुकारलं गेलं, कुणी घेतलं नाही. शेवटी दिल्लीनं परत हात वर केला. ७५ लाख. दुकानात म्हणे पेढे वाटले, ट्रॅक्टरवाल्यानं. काका म्हणाले, साडेसात कोटीचे पाऊन कोटी झाले अन् हा पेढे वाटून राह्यला.

त्याच महिन्यात मामेभावाची चाचणी झाली. यादीत नाव नव्हतं. मी पुण्याहून फोन केला तेव्हा जरा चाचरतच केला, काय बोलायचं ते ठरवून. पण तो बारावीची फिजिक्सची वही उघडी ठेवूनच बोलत होता.

"ताई, आत येनारा बराबर खेळलो. एकबी नाही सुटला."

"मग?"

"बाहेर जानाऱ्याले गेलो."